दुसऱ्या भूमिकेचा प्रश्न

रसिक : माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सिनेमात बाईला तिचा चेहरा बघून भूमिका देतात, यात मला गैर काही वाटत नाही. नाटकात पंधराव्या रांगेतल्या माणसाला नटीचे डोळे दिसत नाहीत. तिचा आवाज पोचतो, उभं राहणं पोचतं. सिनेमात तोच चेहरा भिंतीएवढा होतो आणि नुसती पापणी लवली तरी अख्खं थिएटर ती बघतं. अशा ठिकाणी चेहरा हे कलेचं साहित्यच झालं. गवयाकडे आपण सुरेल गळा मागतो, त्याला कोणी अन्याय म्हणत नाही. 'मुगल-ए-आझम'मधला शिशमहाल आठवा. छतावरच्या आरशाआरशात तीच एक मुलगी नाचते आहे आणि समोर बसलेला बादशहा संतापाने जळतो आहे. तिथे मधुबालाच हवी. एखादी 'बरी दिसणारी' नटी उभी केली असती, तर तिच्यासाठी युवराज बापाशी वैर का पत्करतो हे पटवायला आणखी तीन प्रसंग लिहावे लागले असते.

शंकेखोर : शिशमहालावर माझा आक्षेप नाही. गोष्टच रूपाची असेल तर रूप हवंच. माझा आक्षेप आहे तो ज्या गोष्टीत रूपाचा काडीचा संबंध नाही तिथल्या निवडीवर. तलाठी, नर्स, वकील, सोसायटीची सेक्रेटरी, कुणाची तरी धाकटी बहीण. वर्सोव्याला आराम नगरात ऑडिशनच्या खोल्या आहेत. तिथे मुलगी भिंतीपाशी उभी राहते. नाव, वय, उंची सांगते. डावीकडे वळते, उजवीकडे वळते. हात पुढून-मागून दाखवते. मग संवाद म्हणायचे. पण पुष्कळजणींची गाडी संवादापर्यंत जातच नाही. दारातच 'नॉट फिट' ऐकून त्या परत फिरतात, कारण 'फेअर', 'स्लिम', 'फ्रेश फेस' हे शब्द मागणीतच लिहिलेले असतात. गवयाला निदान एक तान तरी घेऊ देतात. इथे ती घ्यायच्या आधीच निकाल लागतो.

आणि हीच अट पुरुषांना लावून बघा. 1971 साली 'सोंगाड्या' आला. लोंबती नाडी, अर्धी चड्डी आणि बावळट चेहरा घेऊन दादा कोंडके नायक झाले. समोर उषा चव्हाण, ठसठशीत देखणी. पुढे अशोक सराफ आले, लक्ष्मीकांत बेर्डे आले. 'हिरोसारखे दिसत नाहीत' म्हणून महाराष्ट्राने या तिघांना कधी परत पाठवलं नाही. उलट डोक्यावर घेतलं. त्यांच्यासमोरच्या नायिका मात्र नाकीडोळी नीटसच लागल्या. सिनेमा डोळ्यांनी बघायची गोष्ट असेल, तर नायकाच्या वेळी ते डोळे कुठे जातात?

रसिक : फरक आहे, हे मान्य. पण तो आला कुठून ते बघा. 1913 साली फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच. रंगभूमीवर बालगंधर्व होते, आणि घरंदाज बायका त्यांचं नेसणं बघून आपलं नेसणं सुधारत होत्या. म्हणजे बाईने कसं दिसावं हे ठरलं तेव्हा मंचावर बाई नव्हतीच. मग बायका आल्या. 1932 साली 'अयोध्येचा राजा'त दुर्गा खोटे आल्या, 1937 साली 'कुंकू'त शांता आपटे. या बायकांना चेहऱ्याने आणि गळ्याने काय दिलं, तेही मोजा. 1939 साली शांता आपटे कराराच्या भांडणावरून 'प्रभात'च्या दाराशी उपोषणाला बसल्या. त्या काळात किती बायकांना मालकाच्या दारात असं बसता आलं असतं? पडद्यावर त्यांना मागणी होती म्हणून ते जमलं. देखणेपण हे बाईच्या स्वतःच्या हातात आलेलं पहिलं भांडवल होतं.

आणखी एक. नायिकेला बघायला फक्त पुरुष जातात असं तुम्ही धरून चालता. साधना कट पुरुषांनी कापून घेतला नव्हता. नटीची साडी, तिचा अंबाडा, तिचं हसणं बघायला बायका जातात, पोरी जातात, आणि त्यातलं थोडं घरी घेऊन येतात. त्या आनंदाला तुम्ही फसवणूक म्हणणार असाल तर मला ते चालणार नाही. पुरुष मंडळी आमच्या रूपाची पूजा आमच्या वतीने करत होती. आता निषेधही आमच्याच वतीने करायला लागली आहे.

शंकेखोर : टोला बसला, आणि तो बरोबरही आहे. आनंदाला मी फसवणूक म्हणत नाही. पण भांडवल हा शब्द तुम्ही वापरलात, तर त्याचा हिशेब पुरा करू. हे असं भांडवल आहे ज्याचा भाव दुसराच कोणी ठरवतो, आणि जे रोज आपोआप घटत जातं. 1942 साली एका चित्रीकरणात थोबाडीत बसल्यामुळे ललिता पवारांच्या चेहऱ्याला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. तोवर त्या नायिका होत्या. नंतर सासू झाल्या. ते झालं अपघाताचं. पण वय हा काही अपघात नाही. 'मैंने प्यार किया'त रीमा लागू सलमान खानची आई झाल्या तेव्हा दोघांत सात वर्षांचं अंतर होतं. 1999 च्या 'वास्तव'मध्ये त्या संजय दत्तची आई आहेत. त्यांचा जन्म जून 1958 चा, त्याचा जुलै 1959 चा. मुलापेक्षा आई तेरा महिन्यांनी मोठी!

रसिक : पण त्या 'वास्तव'मधली आई आठवा की. पोटच्या पोरावर पिस्तूल रोखणारी बाई. तो सिनेमा रीमा लागूंनी खांद्यावर उचलला आहे. ललिता पवारांचंही तसंच. 'श्री 420'मधली केळेवाली, 'अनाडी'मधली मिसेस डिसा ही कामं त्यांना नायिका राहून मिळाली नसती. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी देखण्या नायिकांची नावं आज कोणाला आठवत नाहीत. ललिता पवार घरोघरी माहीत आहेत. चेहऱ्याचा दरवाजा बंद झाला म्हणून अभिनयाचा उघडला, असंही घडतं. आणि रूपावाचून बाईला मध्यभागी जागाच नाही, हेही खरं नाही. 1994 चा 'बँडिट क्वीन' घ्या. सीमा बिस्वासचा चेहरा नेहमीच्या अर्थाने नायिकेचा नाही, पण कॅमेरा त्या चेहऱ्यावरून हलत नाही. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुम्ही ओम पुरीचं उदाहरण देणार होतात, मला ठाऊक आहे. ही घ्या ओम पुरीच्या तोडीची बाई.

शंकेखोर : इथेच तर घोडं पेंड खातं. ओम पुरीचंच उदाहरण घेऊ. देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा. 'आक्रोश' केला, मग 1983 साली 'अर्धसत्य'मध्ये तो नायक, आणि त्याच्यावर प्रेम करणारी बाई स्मिता पाटील. त्याने कसं दिसावं हे कोणी विचारलं नाही. पुढेही कधी पोलीस, कधी खलनायक, कधी विनोदी बाप असं करत तो चार दशकं पडद्यावर राहिला.

आता सीमा बिस्वास. 'बँडिट क्वीन'नंतर दोनच वर्षांनी, 1996 साली 'खामोशी' आला. त्यात ती मनीषा कोईरालाची आई. सीमा बिस्वास जन्मली 1965 साली, मनीषा 1970 साली. रोहिणी हट्टंगडींचं बघा. पुण्याच्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या; 'गांधी'मधल्या कस्तुरबांसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्ता मिळाला. 1984 च्या 'सारांश'मध्ये त्यांनी तेहतिसाव्या वर्षी म्हातारी उभी केली. त्यांच्याबरोबर म्हातारा उभा केला तो अनुपम खेर तेव्हा तिशीच्या आतला. दोघांचं कौतुक झालं. मग खेरांना खलनायक मिळाले, विदूषक मिळाले, तऱ्हेतऱ्हेचे बाप मिळाले. रोहिणीताईंना हिंदीत मिळाल्या त्या बहुतेक आयाच. 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभ बच्चनची आई आहेत, आणि अमिताभ त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे.

म्हणून म्हणतो, पहिली भूमिका बघू नका. असाधारण दिग्दर्शक भेटला, असाधारण गोष्ट भेटली, तर पहिली भूमिका कुणालाही मिळून जाते. दुसरी बघा. रूप नसलेल्या नटाला एकदा यश मिळालं की धंदा त्याचा चेहरा शिकून घेतो. रूप नसलेल्या नटीला यश मिळालं की धंदा तिला पुरस्कार देतो आणि पांढरी साडी देतो.

रसिक : वाक्य झकास आहे, पण सगळ्यांना लागू नाही. सीमा बिस्वासला दीपा मेहतांच्या 'वॉटर'साठी कॅनडातला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा जिनी पुरस्कार मिळाला.

शंकेखोर : मिळाला. आणि त्याच सिनेमात नायकाने जिच्यावर प्रेम करावं ती विधवा कोण होती? लिसा रे. पुरस्कार एकीला, प्रेम दुसरीला.

रसिक : बरं, स्मिता पाटील घ्या. सावळी, बातम्या वाचणारी मुलगी. 'भूमिका', 'जैत रे जैत', 'चक्र', 'उंबरठा'. तिला तर दुसरी काय, विसावी भूमिका मिळाली. धंदा तिचा चेहरा शिकलाच ना?

शंकेखोर : शिकला, पण कसा? 1982 साली एकीकडे 'उंबरठा'तली सुलभा महाजन, घर सोडून कामावर निघालेली. त्याच वर्षी 'नमक हलाल'मध्ये पावसात भिजणाऱ्या साडीतलं गाणं. 'चक्र'ची जाहिरात करताना झोपडपट्टीतल्या सगळ्या जगण्यातून तिचा आंघोळीचा प्रसंगच तेवढा उचलला गेला, आणि त्याबद्दल ती स्वतः उघड बोलली होती. धंद्याने तिचा चेहरा स्वीकारला, पण आपल्या जुन्या साच्यात बसवून. अलीकडचं हवं असेल तर भूमी पेडणेकर. 2015 साली 'दम लगा के हईशा'साठी तिने वजन वाढवलं. जाड बायकोची गोष्ट, सुरेख काम. पुढच्या सिनेमाला ती आली तेव्हा सडपातळ होती. तिने काय करावं हा तिचा प्रश्न. पण जाड बाई पडद्यावर पाहुणी म्हणून आली आणि निघून गेली. मग 2019 साली 'बाला' आला. रंगावरून होणाऱ्या अपमानाची गोष्ट. आणि त्यातली काळी मुलगी करायला भूमीलाच काळं रंगवलं. काळ्या मुलीला काळ्या मुलीचं काम मिळालं नाही, तेही काळ्या रंगाची बाजू घेणाऱ्या सिनेमात.

रसिक : इथे मी तुमच्याबरोबर अर्ध्या वाटेपर्यंतच येईन. अभिनय म्हणजे परकायाप्रवेश. आपण जे नाही ते होणं. काळीचं काम काळीनेच, जाडीचं जाडीनेच, म्हातारीचं म्हातारीनेच करायचं ठरवलं, तर तेहतिशीच्या रोहिणीताईंची 'सारांश'मधली म्हातारीही गेली. तुमच्याच आवडत्या कामावर तुम्ही बंदी घालता आहात.

शंकेखोर : परकायाप्रवेशाला बंदी नको. तो एकाच दिशेने होतो, हे बोचतं. गोरी काळी होऊ शकते, तरुणी म्हातारी होऊ शकते. 'सांड की आँख'मध्ये साठीपुढच्या नेमबाज आज्या करायला तापसी आणि भूमी आल्या, तेव्हा आमच्या वयाच्या भूमिका तरी आम्हाला द्या, असं नीना गुप्तांना जाहीरपणे म्हणावं लागलं. उलट्या दिशेने काळ्या मुलीने शिशमहालात प्रवेश केल्याचं ऐकलंय का कधी?

रसिक : नाही. पण का नाही, याचं उत्तर रूपाच्या हावेत शोधू नका, लिखाणात शोधा. मघाशी मी म्हटलं की मधुबाला नसती तर आणखी तीन प्रसंग लिहावे लागले असते. आता तेच उलटं करून बघू. 'सोंगाड्या'तल्या दादांवर आपण प्रेम का करतो? कारण त्यांना लिहून दिलेलं आहे: भाबडेपण, फजिती, हजरजबाबीपणा, पानंच्या पानं. 'अर्धसत्य'मधला इन्स्पेक्टर वेलणकर तेंडुलकरांनी बापाच्या छळापासून घुसमटीपर्यंत लिहिला आहे. पुरुष का आवडावा याची कारणं पटकथेत असतात. बाई का आवडावी याचं कारण कोणी लिहीतच नाही. ती दारातून आत येते आणि ते कारण तिच्या चेहऱ्याने पुरवायचं असतं. न लिहिलेल्या पानांची भरपाई म्हणजे नायिकेचं सौंदर्य. आणि यात सुंदर बाईचंही नुकसान आहे. मधुबालाची विनोदाची जाण 'चलती का नाम गाडी'त बघा. एखाद्या कसलेल्या विनोदी नटाला हेवा वाटावा अशी. पण तिच्याबद्दल लोक आजही बोलतात ते रूपाबद्दल. सुंदर बाईला पानं मिळत नाहीत, कारण गरज वाटत नाही. आणि साध्या बाईला मिळत नाहीत, कारण तिच्यासाठी कोणी लिहायला बसत नाही.

जिथे पानं मिळतात तिथे काय होतं, ते 'सैराट'मध्ये दिसलं. अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू. तिची आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि विशेष म्हणजे ती बघते. परशाला रोखून बघते. सिनेमात बघायचं काम नेहमी नायकाचं असतं. आणि तिला टिपताना तिचा रंग लपवलेला नाही. नाहीतर मेकअपवाला कातडीपेक्षा दोन शेड उजळ बेस लावतो, वर समोरून सपाट प्रकाश मारतात, आणि सावळा चेहरा मातकट, राखेसारखा दिसतो. तोच प्रकाश बाजूने येऊ द्या, गालाच्या हाडावर, कपाळाच्या कडेवर जरा चमक राहू द्या, सावळेपणाला खोली येते. म्हणजे सौंदर्य हा निवडीच्या आधीचा गुण नाहीच. लिहिणारा, प्रकाश टाकणारा आणि बघणारा मिळून ते तयार करतात.

शंकेखोर : 'सैराट'चं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. कन्नडमध्ये त्याचा 'मनसु मल्लिगे' झाला. त्यात रिंकूच होती. हिंदीत 2018 साली 'धडक' झाला. त्यात जान्हवी कपूर. गोष्ट तीच, पानं जवळपास तीच. लिखाण पुरेसं असतं, तर चेहरा बदलायची गरज का पडली?

रसिक : तो चेहऱ्याचा नाही, घराण्याचा प्रश्न आहे. श्रीदेवीची मुलगी मोठ्या निर्मात्याच्या सिनेमातून येणार होती. तिथे रिंकूपेक्षा देखणी एखादी अनोळखी मुलगी असती, तरी तिला ते काम मिळालं नसतं.

शंकेखोर : तेही खरं. पण मग सौंदर्य, घराणं, जात हे धागे वेगळे काढता येतात का, ते सांगा. नागराज मंजुळ्यांच्याच 'फँड्री'त जब्या जिच्यामागे वेडा आहे ती शालू गोरी, नीटनेटकी, वरच्या जातीतली. जब्या स्वतःच्या काळ्या तोंडाला पावडर फासतो. त्याला सुंदर काय वाटावं, हे त्याच्या जन्माआधीच ठरलं आहे.

रसिक : तुम्ही माझ्याच बाजूचा पुरावा दिलात. 'फँड्री'त शालू गोरीच हवी. तिथली देखणी निवड हा धंद्याचा नाइलाज नाही; ते दिग्दर्शकाचं म्हणणं आहे. रूपाची भूल कशी घातली जाते, हे दाखवायला ती भूल पडद्यावर आणावी लागते. म्हणजे सुंदर मुलगी निवडणं ही टीकाही असू शकते.

शंकेखोर : मान्य, अगदी मान्य. पण त्या टीकेत शालूच्या वाट्याला किती वाक्यं आली? जवळपास नाहीतच. तुमचाच पानांचा निकष लावला, तर तीही कोरीच राहिली. आणि 'सैराट'मध्ये धीटपणे बघण्याची मुभा मिळालेली आर्ची पाटलांची लेक आहे. परशाच्या बहिणीने कुणाकडे असं रोखून बघितलं असतं, तर तिच्यासाठी ट्रॅक्टर लिहिला गेला असता का? पानं कुणासाठी लिहायची, हे ठरवणारी नजरही त्याच समाजात वाढलेली असते. तेव्हा लिखाण सुधारलं की सगळं सुधारेल हे मला पटत नाही. पण रूपाला पडद्यावरून हाकलून काही मिळेल हेही आता वाटत नाही.

रसिक : आणि रूप बघणं निष्पाप असतं हे मलाही पूर्वीसारखं म्हणता येणार नाही. देखण्या नटीला काम मिळालं म्हणून मी कधीच रागावणार नाही. पण तिला पानं किती मिळाली हे मोजेन. आणि तुमचा दुसऱ्या भूमिकेचा हिशेब मी घेते. फक्त तो निर्मात्यापाशी थांबवू नका. उषा जाधव, कोल्हापूरची. 'धग'साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्या नियमाप्रमाणे गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण पुढे अनंत महादेवनने 'माई घाट' केला. पोलीस कोठडीत मुलगा गमावलेल्या आईची न्यायासाठीची लढाई. आईच, पण कोपऱ्यातली नव्हे, मधोमध उभी असलेली. 2019 साली गोव्याच्या इफ्फीत त्यासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा रौप्य मयूर मिळाला. म्हणजे पानं लिहिली गेली, चेहरा निवडला गेला, दुसरी भूमिका मिळाली. आता तो सिनेमा किती जणांनी पाहिला, हे इथवर वाचत आलेल्यांनी स्वतःलाच विचारावं.